गावतलावाजवळ जिओकॅश ठेवायचा आहे. परवानगी नेमकी कोणाची घ्यावी?

पांदणवाट (सेलू तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. मी दोन वर्षांपासून जिओकॅशिंग करतो. ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो, की यात एखाद्या ठिकाणी नोंदवही असलेली डबी ठेवून तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर प्रसिद्ध केले जातात आणि शोधणारा तेथे पोहोचून वहीत नोंद करतो व डबी होती तशी परत ठेवतो. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली आणि त्यानंतर काही दिवसांतच ऑरेगन राज्यात अशी पहिली डबी ठेवली गेली.

आता मला आमच्या गावात डबी ठेवायची आहे. गावाबाहेर तलाव आहे, त्याच्या पाळीवर ग्रामपंचायतीने झाडे लावून सिमेंटचे बाक बसवले आहेत आणि पलीकडे पळसाची झुडपी टेकडी आहे. मी तीन जागा पाहिल्या: सांडव्याजवळची दगडी भिंत, बाकांमागचे कडुनिंबाचे झाड आणि टेकडीवरचा खडकांचा ढीग. सरपंच तोंडी होकार देतात. जागा सर्वांची असल्यामुळे कोणाला विचारण्याची गरज नाही, असे मित्रांचे म्हणणे आहे, परंतु ते मला पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त तलाठी, आर्वी

आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. सार्वजनिक जागा म्हणजे बिनमालकीची जागा नव्हे, हे मी नोकरीच्या काळात असंख्य लोकांना समजावून सांगितले आहे. प्रथम तिन्ही जागांचे गट क्रमांक काढा आणि सातबारा पाहा. बाकांची जागा ग्रामपंचायतीकडे असेल, परंतु तलाव कोणत्या विभागाकडे आहे हे वेगळे तपासावे लागेल, कारण अनेक तलाव जिल्हा परिषदेच्या किंवा जलसंधारण विभागाच्या ताब्यात असतात आणि त्यांच्याबाबतीत सरपंचांच्या होकाराला अर्थ उरत नाही.

खरी अडचण टेकडीची आहे. आपल्या नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांत महसुली अभिलेखात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी फार आहेत. गावकरी त्यांना पडीक समजतात, तेथे गुरे चारतात, सरपण आणतात, आणि निस्तार पत्रकात तशा हक्कांची नोंदही असते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी झुडपी जंगल ही वनजमीनच मानली जाईल असा निकाल दिला. एका डबीने जमिनीचा वापर बदलत नाही हे मला मान्य आहे, तरीही तेथे अनोळखी माणसांना बोलावणारी वस्तू ठेवायची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. गाव नमुना 1-अ मध्ये वनजमिनींची नोंद असते. तो तलाठी कार्यालयात पाहायला मिळेल.

ग्रामपंचायतीच्या जागेसाठी मासिक सभेचा ठराव करून घ्या. तोंडी होकार सरपंच बदलला की संपतो, ठराव मात्र इतिवृत्तात राहतो.

सातपुड्याची भटकंती (अमरावती)

तलाठी काकांनी जमिनीची बाजू इतकी स्पष्ट केली आहे की मी फक्त खेळाच्या नियमांपुरते लिहितो. दोन प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान 161 मीटर अंतर लागते. जमीनमालकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर डबी ठेवण्यासाठी जमीन खोदता येत नाही, आणि झाडाला खिळा ठोकणे किंवा भिंतीला छिद्र पाडणे हेही चालत नाही. खाद्यपदार्थ, मद्य, चाकू, फटाके डबीत ठेवू नयेत. आपल्याकडे तर खाऊच्या नुसत्या वासाने माकडे आणि रानडुकरे डबी फोडतात. डबीची माहिती संकेतस्थळावर सादर करताना आपण परवानगी घेतली असल्याचे जाहीर करतो, आणि तपासणारे स्वयंसेवक परवानगी कोणी दिली हेही विचारू शकतात.

सांडव्याची भिंत आधीच वगळा. धरणे, पूल, शाळा यांच्याजवळ लपवलेली वस्तू घातपाताचा संशय निर्माण करते, त्यामुळे अशा जागा मंजूर होत नाहीत.

आपल्या तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्प आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 27 आणि 28 प्रमाणे अभयारण्यातील प्रवेश परवान्याशी बांधलेला आहे आणि कलम 27 मध्ये तेथे कचरा टाकण्यासही मनाई आहे. डबी आपल्यासाठी खेळ असली, तरी वनरक्षकाच्या दृष्टीने ती कोणीतरी सोडून गेलेले प्लॅस्टिक आहे, आणि तिच्या शोधात माणसे वाघाच्या वाटेवर पायी उतरतात. तिथे डबी ठेवण्याचा विचारही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोणारकर

अशा ठिकाणांसाठी ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे. त्यात डबीच नसते. शोधणाऱ्याने त्या जागेचे भूविज्ञान निरखून प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. आमचे लोणार विवर बसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. ते अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, त्यामुळे तेथे डबी ठेवणे अयोग्य ठरेल, पण काठावर उभे राहून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या टेकडीवरचा खडक बसाल्टच असेल तर त्याचाही विचार करावा, मात्र तेथे लोकांना पाठवण्याआधी वनविभागाला विचारावेच. वऱ्हाडातील मित्रांनी हे लक्षात ठेवावे, की आमच्याकडची ई-क्लास जमीन, म्हणजे गुरे चारण्यासाठी राखलेली पडीक जमीन, हीसुद्धा शासनाची असते.

ग्रामपंचायत सदस्या (कारंजा घाडगे तालुका)

दादा, कागदपत्रांइतकेच गावातल्या माणसांना सांगणेही महत्त्वाचे आहे. अनोळखी तरुण मोबाइल हातात धरून कडुनिंबाखाली काही चाचपताना दिसले, तर तलावावर धुणे धुणाऱ्या बायांना भीती वाटणे साहजिक आहे. मार्च-एप्रिलमध्ये आम्ही पहाटे मोहफुले वेचायला आणि त्यानंतर तेंदूपत्त्याला जातो, तेव्हा टेकडीवर कोणी दबा धरून बसल्यासारखे दिसले तर एकटी बाई तिकडे जाणार नाही. बेवारस डबी गुराख्याला सापडली तर तो ती उघडून पाहील किंवा थेट पोलिसांना कळवेल. म्हणून डबी पारदर्शक घ्या, तिच्यावर मराठीत ‘हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही’ असे लिहा, ठरावाचा क्रमांक टाका आणि पोलीस पाटलांना जागा दाखवून ठेवा. संकेतस्थळावर सूर्यास्तानंतर येऊ नये असेही लिहा. पावसाळ्यात दगडांच्या सांदीत साप असतात. हात घालावा लागेल अशी जागा निवडू नका.

पांदणवाट

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितलेली मोहाच्या हंगामाची बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती, आणि माझी आई स्वतः मोह वेचायला जाते. सांडवा व टेकडी मी सोडून दिली आहे. आज तलाठी कार्यालयात जाऊन बाकांच्या जागेचा गट क्रमांक पाहिला. ती जागा ग्रामपंचायतीकडेच आहे, तलावाच्या गटात नाही. पुढच्या मासिक सभेसाठी ग्रामसेवकांकडे अर्ज दिला असून डबी छातीच्या उंचीवर, फांदीला दोरीने बांधलेली असेल आणि दर महिन्याला मी तपासेन, असे त्यात लिहिले आहे. ठराव झाल्यावर अर्जाचा मसुदा येथे देतो, म्हणजे इतर गावांतील मित्रांना तो वापरता येईल.