शेतावरच्या पाहुणचाराची परतफेड कशी करावी?

सुट्टीपुरता_शेतकरी: आम्ही सहा जण वर्षातून दोनदा आजी-आजोबांच्या शेतावर चार-पाच दिवस राहतो. दोघंही पंच्याहत्तरी ओलांडलेले. नेलेली भेटवस्तू खोक्यासकट कपाटात जाते. आभार मानायचेत, पण त्यांच्या उपयोगी पडेल अशा रीतीने. मुलं ७ आणि ११ वर्षांची आहेत, त्यांनाही सामील करायचंय. काय सुचवाल?

कानस_आणि_पाचर: अवजारांना धार लावून द्या. बोथट खुरप्याला जोर जास्त लागतो आणि तो सगळा मनगटावर येतो.

आधी माती धुऊन, तारेच्या ब्रशने गंज काढा. पातं शिकंज्यात घट्ट धरा. मूळ उताराचाच कोन ठेवून कानस पुढे ढकलताना दाबा, मागे आणताना उचला. मागे-पुढे घासलीत तर कानशीचेच दात जातात. दातेरी विळ्याला मात्र हात लावू नका, कानशीने दाते सपाट होतात.

कुऱ्हाडीचा दांडा हलत असेल तर तो पाण्यात भिजत टाकण्याचा उपाय कोणीतरी सांगेलच. लाकूड फुगून दोन दिवस घट्ट बसतं, पण वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं. नवी पाचर ठोका. दांड्याला जवसाचं तेल चोळलंत तर ते फडकं गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल हवेत सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.

फाटक_लावा_आधी: वरचं सगळं बरोबर, पण विचारून. ‘काय आणू?’ विचारलंत तर ‘काही नको’ हेच उत्तर येणार. ‘कुठलं काम हातून राहून जातंय?’ असं विचारा.

न विचारता केलेली मदत हमखास अंगाशी येते. खोली आवरून दिली की आजोबांना पुढे महिनाभर पाना सापडत नाही. तण म्हणून उपटलेलं नेमकं रोप निघतं. फाटक उघडं होतं की बंद, ते बघा आणि तसंच ठेवा. मुलं कौतुकाने गाईपुढे धान्याची पाटी ओततात. नेहमीपेक्षा जास्त दाणा एकदम पोटात गेला की आम्लता वाढून जनावर आजारी पडतं, कधी दगावतंही. चारा घालू दे, दाणा आजोबांच्या हातूनच.

आणि सहा माणसांचं अंथरूण-पांघरूण धुणं हेही कामच आहे. निघायच्या दिवशी नको, आदल्या दिवशी सकाळी धुवा, म्हणजे वाळून घडी होईल. एक रात्र सतरंजीवर काढा.

रेकॉर्डर_चालू: ११ वर्षांच्या मुलाला आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करायला द्या. फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, तोंडापासून साधारण वीतभर अंतर. बाहेर वाऱ्याची घरघर येते, म्हणून ओसरीची आडोशाची बाजू धरा. एका बैठकीला २०-३० मिनिटं पुरे, पुढे आवाज थकतो.

‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की दोन वाक्यांत संपतं. ‘विहिरीला पाणी किती फुटांवर लागलं?’, ‘या बांधावर आधी कुठलं झाड होतं?’ असं बोट ठेवून विचारा. मध्ये गप्प बसले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बरंचसं त्या शांततेनंतरच येतं. फाइलच्या नावात तारीख आणि विषय घाला. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

सुट्टीपुरता_शेतकरी: हे जमेल. धाकटीसाठी फोटोंचा अल्बम चालेल? फोटो सगळे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आहेत.

रेकॉर्डर_चालू: ग्रुपवरचे छापू नका, ते पाठवतानाच आक्रसलेले असतात. ज्याने काढले त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. ६×४ इंचाच्या स्वच्छ छपाईला साधारण १८००×१२०० पिक्सेल लागतात. ३० फोटो पुष्कळ झाले. चिकट पानांचा अल्बम टाळा, गोंद पिवळा पडतो आणि फोटो निघत नाही. कोपऱ्यांच्या खाचांचा घ्या. फोटोमागे बॉलपेनने लिहिलं तर पुढे वळ उठतो, म्हणून नाव-साल फोटोखाली पानावर, ठळक आणि मोठ्या अक्षरात. ते धाकटीनेच लिहावं.

फाटक_लावा_आधी: शेवटची चार पानं कोरी सोडा. पुढच्या खेपेचे फोटो लागतीलच.