पॉडकास्टमधून सापडलेलं गाणं: नागपूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

जे गाणं सिनेमात नाही, एफएमवर लागत नाही, ज्याच्यामागे मोठी म्युझिक कंपनी नाही, ते आपल्या कानावर पडतं कसं? माझ्याकडे तरी ते पॉडकास्टमधूनच आलं. सिएटलचं केईएक्सपी हे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं रेडिओ स्टेशन. त्यांचा रोज एक गाणं देणारा पॉडकास्ट ऐकायला लागलो आणि सवयच जडली. ॲप मला माझ्याच आवडीचं पुन्हा पुन्हा देतं. माणूस मात्र ‘हे ऐकून तर बघ’ म्हणतो, आणि का ऐकायचं तेही सांगतो. तुम्हाला असं काय सापडलं आणि तुम्ही ते पुढे कुणाला दिलंत? वर आपल्या वस्तीचं नाव टाकून निवांत लिहा.

प्रजापती नगर

कामाला हिंगणा एमआयडीसीत जातो, म्हणजे मेट्रोची अख्खी ॲक्वा लाइन रोज पार करतो. एका एपिसोडमध्ये मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाबद्दल ऐकलं. आरेच्या जंगलासाठी त्यांनी तिथले आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं, त्याची गोष्ट होती. डबा खाताना सहकाऱ्यांना ते ऐकवलं. त्यातला एक गडचिरोलीकडचा, एरवी फार बोलत नाही. त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि ‘आमच्याकडचं ऐका आता’ म्हणत टेबलावर बोटांनी ताल धरून रेला, म्हणजे गोंडी लोकगीत, म्हटला. त्या दिवशी चहा राहूनच गेला.

महाल

आम्ही दोघी मैत्रिणी स्वतंत्र कलाकारांच्या गाण्यांचा पॉडकास्ट करतो. मे महिन्यात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कसोटी. कूलर चालू ठेवला की प्रत्येक वाक्याखाली त्याची घरघर, बंद केला की कागदावर घाम ठिबकतो. म्हणून उन्हाळाभर पहाटेच बसतो. भिंतीला गाद्या टेकवायच्या, फ्रिजचं बटण बंद करायचं, दूधवाला यायच्या आत बोलून मोकळं व्हायचं.

खरं काम परवानगीचं. गाण्यात मुख्यतः दोन प्रकारचे हक्क असतात: एक शब्द आणि चालीचे, दुसरा रेकॉर्डिंगचा. मोठ्या कंपन्यांच्या गाण्यात ते वेगवेगळ्या हातांत असू शकतात. स्वतःच लिहून, स्वतःच रेकॉर्ड करणाऱ्याकडे बहुधा दोन्ही असतात, त्यामुळे एका मेलवर काम होतं. मेलमध्ये स्पष्ट लिहितो: गाणं पूर्ण वाजेल, एपिसोड कायम डाउनलोडला राहील, जाहिरात घेत नाही. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्यानं म्हटलेलं, असेल तर मूळ गीतकार-संगीतकाराकडचा हक्क वेगळा बघावा लागतो. ‘तीस सेकंद वाजवलं तर चालतं’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. आपल्या कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेही नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली दिलेलं गाणं असेल तर अटी वाचून घेतो. ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल करून द्यायचं नाही) लिहिलं असेल तर ते कापत नाही आणि त्यावर बोलतही नाही.

कलाकाराचं नाव गाण्याआधी सांगतो आणि गाणं संपल्यावर पुन्हा. ऐकणारा गाडीवर असतो हो, त्याला स्क्रीन कुठून दिसणार?

नंदनवन

माह्या पोरीनं फोनवर लावून देल्लं. वाती करता करता आयकत होती. नव्या पोराईनं गिटार घेऊन भजन म्हटलं होतं, खंजेरी संग होती. आमच्या मंडळात तुकडोजी महाराजाईची भजनं असतात, ठेका हुकला का आमी तिथंच थांबवतो. म्हनून कान लावून आयकलं. एका जागी बी ठेका सुटला नाई बाप्पा! मंगळवारी मंडळातल्या बायाईले आयकवलं. एकीनं तर तिथंच खंजेरी उचलली अन् त्याच्यावर वाजवाले लागली.

इंदोरा

मी बनवणाऱ्यांपैकी. बाबा भीमगीतं गायचे, ढोलकीही वाजवायचे. घरात टेपरेकॉर्डरवर भरलेली त्यांची एक कॅसेट होती. तिच्यातला ढोलकीचा तुकडा घेऊन मित्रासोबत रॅप केलं. एका पॉडकास्टवाल्यानं ते वाजवायच्या आधी फोन करून विचारलं, ‘ढोलकी कुणाची?’ मग एपिसोडमध्ये बाबांचं पूर्ण नाव घेतलं. आम्ही तो एपिसोड आईच्या शेजारी बसून ऐकला. तिनं नाव तेवढं पुन्हा लावायला सांगितलं.

एपिसोडनंतर बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे आपली गाणी थेट विकतात त्या साइटवर, गाणं विकत घेणारे दिसू लागले, काहींनी तर ठेवलेल्या किमतीपेक्षा जास्त दिले. तिथे डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ टक्के कापते, आणि मार्च २०२० पासून सुरू झालेल्या बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे जाहीर केलेल्या ठरावीक शुक्रवारी, तोही वाटा सोडते. स्ट्रीमिंगवर एकदा ऐकल्याचे आम्हाला पैशांतच मिळतात, रुपया दूरच. म्हणून एक विनंती: गाणं आवडलं तर व्हॉट्सॲपवर फाइल टाकू नका, लिंक टाका. फाइल चार ग्रुप फिरली की नाव गळून पडतं, ढोलकीवाल्याचं तर सगळ्यात आधी.

महालच्या ताई, आमचं नवीन गाणं तयार आहे. शब्द, चाल, रेकॉर्डिंग सगळं आमचंच. तुमचा मेल आयडी द्या, परवानगीच्या पत्रासकट पाठवतो.