पोर्टफोलिओत वारीचे चेहरे किती?

नव्या पेठेतला फोटोवाला : परवा इथं एकानं नवख्यांना सल्ला दिला: पोर्ट्रेटच्या पोर्टफोलिओत ४० फोटो टाका, पंढरपुरातले सुरकुतलेले म्हातारे भरपूर घ्या, लाईक बघून निवडा. राहवलं नाही म्हणून लिहितोय. १५ च्या वर गेलात की बघणाऱ्याच्या लक्षात राहतो तो तुमचा सगळ्यात कच्चा फोटो. सुरकुत्या, पागोटं, कपाळावरचा बुक्का हे सगळं त्या माणसाचं. त्यात तुमचं काय? मी तर फोटो पोस्टकार्डाएवढे छापून जमिनीवर मांडतो. एकाच उजेडातले, मान तशीच कललेले दोन दिसले की एक उचलतो. मग दोन दिवस तसेच पडू देतो. तिसऱ्या दिवशीही ज्याच्यापाशी पाय थांबतो, तो ठेवायचा.

८५ एमएम : सल्ला माझाच. ४० जास्त झाले, चला. पण वारी का सोडायची? सोलापूरच्या पोरानं मॉडेल आणायच्या कुठून? आषाढीला लाखो माणसं आपल्याच जिल्ह्यात येतात, चेहरे शिकायला याहून मोठी शाळा नाही. आणि तुम्ही नवऱ्या गोऱ्या करून देता, ते कशात बसतं?

नव्या पेठेतला फोटोवाला : नवरीचे घरचे शेजारी बसून ‘अजून उजळवा’ म्हणतात. नाही म्हटलं तर पैसे अडवतात. मागच्या वैशाखातले अर्धे अजून यायचेत. त्यातला एक फोटो माझ्या पोर्टफोलिओत दाखव. माहीत नसताना बोलू नको बे.

पूर्व भागातली : कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं हे तुम्हीच ठरवताय. त्यांना कुणी विचारलं? माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दारात बसली होती, एकानं फोटो काढला, नावसुद्धा विचारलं नाही. २ वर्षांनी तो प्रदर्शनात दिसला. खाली नाव ‘कष्ट’. आई कितीतरी दिवस दारात बसली नाही.

८५ एमएम : वाईट झालं. पण विचारलं की माणूस ताठ होतो, पासपोर्टचा फोटो होतो. स्टीव्ह मॅककरी या फोटोग्राफरनं १९८४ मध्ये काढलेली ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवा. जगानं डोक्यावर घेतली.

पूर्व भागातली : जगानं घेतली. जून १९८५ ला ती ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आली आणि २००२ मध्ये तिला शोधून काढेपर्यंत तिनं स्वतः तो फोटो पाहिलाच नव्हता. १७ वर्षं!

नव्या पेठेतला फोटोवाला : इथं मी ताईंच्या बाजूनं. ताठ झालेल्या माणसाशी दहा मिनिटं बोलायचं असतं. ते जमत नाही म्हणून लांबून टिपता तुम्ही लोक.

८५ एमएम : ‘तुम्ही लोक’ नको. काढल्यावर विचारीन, एवढं कबूल. वारी पोर्टफोलिओतून काढणार नाही.

पूर्व भागातली : काढू नका. ज्यांचं नाव-गाव लिहिता येईल तेवढे ठेवा.

८५ एमएम : बसून बघितलं. ४ उरतात.

नव्या पेठेतला फोटोवाला : त्यातला मंगळवेढ्याच्या आजींचा पहिला लाव. डावीकडची छत्री मात्र काप, नजर तिकडंच जाते.

८५ एमएम : छत्री त्यांची आहे. राहणार.