रेव्हल्स्टोकला स्नोमोबाईल: गाइड घ्यावा का?

कॅल्गरीवासी: फेब्रुवारीत आम्ही चौघं कॅनडातल्या रेव्हल्स्टोकला चाललोय, बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी स्कूटरसारखी गाडी) चालवायला. दोघांनी सपाट ट्रेलवर चालवली आहे, दोघं अगदी नवखे. गाइड घेतला तर खर्च जवळजवळ दुप्पट होतोय. मोबाईलवर नकाशे आहेत. तरी गाइड लागतोच का?

हिमवाट: लागतो. मी नऊ हिवाळे चालवतोय, त्यातले पहिले दोन गाइडशिवाय. दुसऱ्या वर्षी रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. मित्राने समोरच्या उतारावर मशीन वर घातली आणि ती रुतली. मी लगेच मदतीला निघालो. शेजारच्या गटाची गाइड दोन्ही हात आडवे करून माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, उतारावर एका वेळी एकच माणूस. तू गेलास तर बर्फावर भार वाढेल, आणि तो सुटला तर गाडले जाणारे दोघं असतील. मग तिने विचारलं, हा उतार किती अंशांचा? मी म्हटलं, वीस-बावीस. तिने मोजून दाखवला: ३६. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतात. माझ्या डोळ्यांना तो उतार साधा वाटला होता. त्या दिवशी बर्फ सुटला नाही, पण पुढच्या हिवाळ्यापासून नव्या डोंगरावर मी गाइडशिवाय गेलेलो नाही.

याच बोल्डर माउंटनवर मार्च २०१० मध्ये हिमस्खलन झालं. धोक्याचा इशारा आधीच दिलेला होता, तरी तिथे स्नोमोबाईलवाल्यांची मोठी गर्दी होती. दोघांचा जीव गेला.

कॅल्गरीवासी: ट्रान्सिव्हर (अंगावर बांधायचं, सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं भाड्याने घेणार आहोत. तेवढ्याने भागणार नाही?

हिमवाट: एक जण गाडला गेला तर शोधणारे तुम्ही तिघंच. त्याला जिवंत काढायचं तर हाताशी असतात पहिली दहा-पंधरा मिनिटं. ट्रान्सिव्हर पहिल्यांदाच हातात घेतलेल्याची तेवढी मिनिटं त्याच्या पडद्यावरचा बाण कुठे वळतोय हे समजण्यातच जातात. चांगला गाइड निघण्याआधी प्रत्येकाचा ट्रान्सिव्हर तपासतो आणि एक पुरून शोधायला लावतो. एकदा माझा फोन ट्रान्सिव्हरच्याच खिशात होता, तो गाइडनेच काढायला लावला. फोनमुळे सिग्नल बिघडतो.

सह्यभटक्या: नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही गावातला वाटाड्या घेतलाच होता. इथे तर वाट रोज बदलते. फक्त तिन्ही दिवस गाइड कशाला? पहिल्या दिवशी घ्या, पुढे आखलेल्या ट्रेलवरच राहा.

हिमवाट: चालेल, पण अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा त्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज वाचल्याशिवाय निघू नका. उभ्या उतारांच्या पायथ्याशीही थांबायचं नाही, वरचा बर्फ तिथेच येऊन पडतो. कॅरिबूंसाठी (तिथली रानटी रेनडिअर हरणं) बंद ठेवलेले भाग कोणते, तेही गाइडलाच विचारून घ्या.

कॅल्गरीवासी: पहिल्या दिवसाचा गाइड आत्ताच बुक केला. नवख्या दोघांना या शनिवारी बागेत ट्रान्सिव्हर पुरून शोधायला लावतो.