स्टेंट असताना दाढ काढायची आहे, दोन डॉक्टरांमधली चिठ्ठी कशी असावी? मदत हवी आहे

नमस्कार. वडिलांची खालची दाढ पार किडली आहे, काढावीच लागणार. काही महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी होऊन मेडिकेटेड स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी, औषध लावलेली जाळी) बसवलाय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करण्याच्या या दोन्ही गोळ्या रोज चालू आहेत.

डेंटिस्टनी चिठ्ठी दिली: 'दाढ काढायची आहे, कृपया फिटनेस द्यावा.' हृदयरोगतज्ज्ञांनी त्याच कागदाच्या मागे लिहिलं: 'फिट आहेत. गरज वाटल्यास रक्त पातळ करण्याच्या गोळ्या थांबवाव्यात.' कोणती गोळी, किती दिवस, की दोन्ही? काहीच कळत नाही. डेंटिस्ट म्हणतात स्पष्ट लिहून आणा. तिकडे सांगतात, ते दातांच्या डॉक्टरांनी ठरवायचं. दोघंही आपापल्या कामात चोख आहेत, पण निरोप पोचवतोय मी, आणि मी डॉक्टर नाही.

भीती गोळ्या थांबवण्याचीच जास्त वाटते. अमेरिकेतल्या हृदयरोग आणि दंतवैद्यक संघटनांनी २००७ साली मिळून सांगितलं होतं की स्टेंटनंतर या गोळ्या मुदतीआधी बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अ‍ॅटॅक येऊ शकतो, म्हणून थांबवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं. हिरडीतलं रक्त दाबून, टाके घालून बहुतेक वेळा थांबवता येतं. हृदयातल्या गुठळीचं तसं नाही.

डेंटिस्टना चिठ्ठी पुन्हा लिहायची विनंती करणार आहे. माझ्या मते त्यात एवढं तरी हवं: एकच दाढ, जागा बधिर करून काढणार, रक्त थांबवायला काय करणार, स्टेंट कधी बसवला, सगळ्या गोळ्या डोससकट. आणि मग थेट प्रश्न: दोन्ही गोळ्या चालू ठेवून दाढ काढली तर तुमची हरकत आहे का? बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये अ‍ॅड्रेनलिन (बधिरपणा जास्त वेळ टिकावा म्हणून घालतात ते) चालेल का? नंतर दुखण्यावर कोणती गोळी द्यावी? (आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून हे मुद्दाम विचारायचं आहे.)

इथल्या डेंटिस्ट आणि फिजिशियन मंडळींना विचारायचं आहे: यात काही राहतंय का? दोघांनी एकदा फोनवर बोलून घ्यावं असं मी सुचवलं तर ते आगाऊपणाचं वाटेल का? सध्या अँटिबायोटिकवर सूज उतरली आहे, पण ती परत येण्याआधी हे मार्गी लावायचंय. तोवर गोळ्या नेहमीप्रमाणे चालू आहेत.