इकॉनॉमिक्स मेजर घेतलंय, पण स्पेशलायझेशन कशात करू? कांदा, बँक की इकॉनोमेट्रिक्स

निफाडकरीण
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी पुण्यात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर इकॉनॉमिक्स. गाव निफाड तालुक्यात, घरी थोडी द्राक्षं आणि बाकी सगळा कांदा. बारावीपर्यंत मराठी माध्यम आणि आर्ट्स, त्यामुळे गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. आता तिसऱ्या वर्षासाठी इलेक्टिव्ह निवडायचेत, यादीत ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स, बँकिंग अँड फायनान्स, पब्लिक फायनान्स, इंटरनॅशनल ट्रेड आणि बेसिक इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारी आणि गणित वापरून अर्थशास्त्रातले प्रश्न तपासणं) असं आहे, यातले दोन घ्यायचे. फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय.

आमचे सर म्हणतात बारावीला गणित नव्हतं ना मग इकॉनोमेट्रिक्सच्या नादी लागू नको. आतेभाऊ म्हणतो फायनान्स घे, पॅकेज तिथेच आहे. पप्पा म्हणतात काहीही घे पण बँकेची परीक्षा दे. मैत्रिणी ॲग्री घेतायत कारण म्हणे पेपर सोपा जातो.

मला स्वतःला काय हवंय ते विचाराल तर नीट सांगता येत नाही. 2023 च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा मी बारावीला होते, आमचा लाल कांदा काढणीला आलेला, आणि एका रात्रीत भाव पडले. पप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून डोक्यात एकच, की बंदीमुळे नक्की किती पडले आणि आवक वाढल्यामुळे किती, हे कोणी वेगळं काढून सांगू शकतं का? टीव्हीवर तर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगत होता. हा प्रश्न कुठल्या स्पेशलायझेशनमध्ये येतो? ॲग्रीमध्ये की ट्रेडमध्ये?

हिशोबनीस
बँकेपुरतं सांगतो, तिथेच नोकरी करतोय. पीओ (बँक अधिकारी), क्लार्क या परीक्षांना कुठलीही पदवी चालते, तू बीएला कुठला इलेक्टिव्ह घेतला होता हे आजवर मला एकाही माणसाने विचारलेलं नाही. रिझनिंग, इंग्लिश, क्वांट (अंकगणित), याचा सराव लागतो आणि तो कॉलेज शिकवत नाही. तेव्हा पप्पांचं समाधान कुठल्याही इलेक्टिव्हमध्ये होतंय, त्याचं ओझं घेऊ नकोस.

वेगळी गोष्ट रिझर्व्ह बँकेची. ग्रेड बी मध्ये जनरलला पदवीवर बसता येतं, पण त्यातच डीईपीआर म्हणून संशोधनाची वेगळी भरती असते, तिला इकॉनॉमिक्सचं मास्टर्स लागतं. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसलाही तसंच, यूपीएससी घेते ती परीक्षा. म्हणजे इकॉनॉमिक्सच्या जोरावर नोकरी हवी असेल तर बीएवर थांबून भागत नाही.

वाकडी_रेघ
निफाडकरीण, तुझा प्रश्न वाचून दोन वेळा चहा गार झाला माझा. जे तू "वेगळं काढून सांगू शकतं का" म्हणतेयस ना, त्यालाच इकॉनोमेट्रिक्स म्हणतात. बाकी काही नाही. ॲग्री हा विषय तुला प्रश्न देईल, ट्रेड निर्यातबंदीची थिअरी देईल, पण हे वेगळं काढायचं हत्यार त्या एकाच पेपरात आहे आणि नेमका तोच तुला नको सांगतायत.

थोडं खोलात सांगते. मायक्रोत कॉबवेब शिकवलं असेल, गेल्या हंगामातला भाव बघून शेतकरी यंदा लावतो, सगळेच लावतात, भाव पडतो, मग पुढच्या वर्षी कमी लावतात, भाव चढतो, आणि आकृतीत कोळ्याचं जाळं तयार होतं. परीक्षेत चार मार्काला येतं आणि विसरून जातात. तू ते अंगणात बघितलंयस. आता समज तू लासलगावच्या कांदा बाजारातली रोजची आवक आणि रोजचा भाव घेतलास आणि एकावर एक टाकून रेघ मारलीस. ती रेघ म्हणजे मागणी वक्र का? नाही! कारण भाव चांगला दिसला की शेतकरी कांदाचाळीत साठवलेला माल काढतो, म्हणजे आवक भावाला हलवते आणि भाव आवकेला, दोन्ही एकमेकांत अडकलेले. ही गाठ सोडवायची तर असं काहीतरी शोधावं लागतं जे आवक हलवेल पण गिऱ्हाइकाच्या मागणीला हात लावणार नाही, उदाहरणार्थ काढणीच्या वेळी नाशिक जिल्ह्यातच झालेला अवकाळी. दिल्ली-कोलकात्यातला माणूस निफाडात गारा पडल्या म्हणून कमी-जास्त कांदा खात नाही, त्याला फक्त भावामुळे फरक पडतो.

गंमत म्हणजे ही युक्ती पहिल्यांदा छापून आली ती शेतमालावरच, 1928 साली फिलिप राइट यांनी अमेरिकेतल्या तेलांवरच्या आयात कराबद्दल लिहिताना एका परिशिष्टात लोणी आणि जवसाची मागणी-पुरवठा अशी सुटी करून दाखवली. तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. पुढे त्याच विचाराच्या वाटेवर काम करणाऱ्यांना, म्हणजे कार्ड, अँग्रिस्ट आणि इंबेन्स यांना, 2021 चं नोबेल मिळालं. तेव्हा "शेतीवाल्यांचं इकॉनोमेट्रिक्समध्ये काय काम" असं कोणी म्हणालं तर जवस आठव.

माझं मत: इकॉनोमेट्रिक्स + ॲग्री. मायनर बदलता येत असेल तर स्टॅटिस्टिक्स किंवा मॅथ्स. फायनान्स नको असं नाही, पण तुझ्या प्रश्नात ते कुठेच नाहीये.

आणि एक, बीएला "स्पेशलायझेशन" हा शब्द जरा मोठाच आहे. दोन पेपरांनी कोणी स्पेशालिस्ट होत नाही. खरं स्पेशलायझेशन मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी सुरू होतं. बीएला तू फक्त पुढचे कुठले दरवाजे उघडे ठेवायचे ते ठरवतेयस, आणि गणिताचा दरवाजा एकदा बंद झाला की उघडायला फार जड जातो. मुंबईत आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), दिल्लीत डी-स्कूल (दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स), आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट), इकडे पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, मास्टर्सला कुठेही जा, प्रवेश परीक्षेत गणित-स्टॅट असतंच, आणि काही ठिकाणी गणित शिकल्याची अटही असते. अटी दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाच, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

बीडचा_मास्तर
वाकडी_रेघ ताईंचं सगळं पटतं पण एका गोष्टीवर भांडणार. हल्ली जो तो पोरांना गणित गणित करून घाबरवतो. मी पंधरा वर्षं कॉलेजात शिकवतोय, मराठी माध्यमातून. माझ्या वर्गातली हुशार पोरं डेरिव्हेटिव्ह बघून विषय सोडून जातात, आणि ज्यांना गणित येतं त्यांना रोजगार हमीवर खडी फोडायला कोण जातं आणि का जातं हे ठाऊक नसतं. धनंजयराव गाडगीळ गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक, 1930 पासूनचे, त्यांनी प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांसोबत सहकारी कारखाना उभा करायला हातभार लावला तो काय रिग्रेशन (आकड्यांवरून काढलेली रेघ) काढून? 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमी राबवली गेली, वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली, 1977 ला कायदा झाला आणि देशाला तसा कायदा करायला 2005 उजाडलं. हे सगळं पब्लिक फायनान्सच्या पेपरात येतं, पैसा कुठून आणला तर शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेऊन. केवढी मोठी कल्पना आहे ही! तुमच्या यादीत पब्लिक फायनान्स आहे आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही म्हणून लिहिलं.

निफाडकरीण बेटा, संस्था, कायदे, इतिहास हेही अर्थशास्त्रच आहे. आणि सेट-नेट करून शिकवायचं असेल तर तुझ्यासारख्यांची गरज आहे.

वाकडी_रेघ
मास्तर, पब्लिक फायनान्सचं शंभर टक्के मान्य, माझंच चुकलं. पण गोखले इन्स्टिट्यूट काढलंतच तर दांडेकरांना का विसरलात? वि. म. दांडेकर मूळचे स्टॅटिस्टिक्सचे माणूस. त्यांनी आणि नीलकंठ रथांनी 1971 मध्ये गरिबीवर जो अभ्यास छापला तो काय नुसत्या कळकळीवर उभा होता? माणशी दिवसाला 2250 कॅलरी धरल्या, 1960-61 च्या नमुना पाहणीतला खर्च घेतला, आणि दाखवून दिलं की खेड्यातली 40 टक्के आणि शहरातली 50 टक्के माणसं तेवढंही खाऊ शकत नाहीत. कळकळ होतीच हो, पण दिल्लीतल्यांना मान खाली घालून वाचायला लावलं ते आकड्यांनी. गणित आणि खडी फोडणारा माणूस यातलं एकच निवडा असं का करायचं?

बीडचा_मास्तर
बरं, हा एक गुण तुम्हाला. पण घाबरवू नका एवढंच म्हणणं आहे.

मुलुंडचा_मोरू
फायनान्सवाला बोलतोय, सगळ्यांनी खलनायक करून टाकलाय म्हणून. ट्रेझरीत आहे, बाँडची खरेदी-विक्री बघतो. आतेभावाला सांग की बीएच्या बँकिंग अँड फायनान्स पेपराने पॅकेज मिळत नाही, त्या पेपरात बँकांचे प्रकार, नाणे बाजार, रिझर्व्ह बँकेची कार्यं असलं असतं. पॅकेज मिळतं ते सीए, एमबीए, सीएफए नाहीतर चांगल्या ठिकाणच्या मास्टर्सवर. आणि आमच्याकडे एमएवाल्यांना घेताना बघतात ते एवढंच, डेटा दिला तर त्याचं काही करता येतं का आणि दोन परिच्छेदांत सरळ लिहिता येतं का. दुसरं जास्त दुर्मिळ आहे.

जाता जाता, तुझा कांदा आमच्याही टेबलावर असतो. 2016 ला कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला महागाई 4 टक्क्यांवर, दोन वर-दोन खाली, ठेवायचं काम दिलं. 2012 आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन जवळजवळ 46 टक्के होतं. टोमॅटो-कांदा-बटाटा उडाला की निर्देशांक उडायचा, निर्देशांक उडाला की व्याजदर कपातीची आशा लांबायची, आणि बीकेसीत बसलेली शर्टइन केलेली माणसं लासलगावचा भाव विचारायची. बारावीला निर्देशांकाचं प्रकरण होतं ना, लास्पेयर-पाशे, तेच हे. तेव्हा मॅक्रोकडे वळलीस तरी कांदा सुटणार नाही तुझा.

निफाडकरीण
बापरे एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मास्तर, मोरूदादा, ताई, हिशोबनीसकाका (काका चालेल ना?) सगळ्यांचे आभार. मोरूदादांचं लासलगाववालं पप्पांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "मग भाव पडल्यावर का नाही विचारत ते?" 😀

आता खरी भीती. गणित म्हणजे मला किती लागेल? सर म्हणतात तसं खरंच अशक्य आहे का? आणि चौथं वर्ष करावं का, कॉलेजात ऑनर्स विथ रिसर्च म्हणून आहे.

वाकडी_रेघ
अशक्य बिलकुल नाही, मीही आर्ट्सचीच. बोर्डाचं अकरावी-बारावी सायन्सचं गणिताचं पुस्तक घे, मराठी माध्यमाचंच घे लाजू नकोस, त्यातलं फलन, सीमा, विकलन (डेरिव्हेटिव्ह), थोडं संकलन, निश्चयक-आव्यूह (डिटर्मिनंट-मॅट्रिक्स) आणि संभाव्यता. भूमिती, त्रिकोणमिती बरीचशी सोडलीस तरी चालेल. रोज तासभर दिलास तर सुट्टी धरून सात-आठ महिने, माझे तेवढे गेले. आणि मराठी माध्यमाचा एक फायदा कोणी सांगत नाही: "सीमांत उपयोगिता", "सीमांत खर्च" हे तू पाठ केलेलं आहेसच, त्यातला सीमांत म्हणजेच विकलन. एकूण खर्चाचं विकलन केलं की सीमांत खर्च. मला हे एमएससीच्या पहिल्या महिन्यात कळलं आणि बारावीच्या बाईंचा इतका राग आला की बास. तक्ता काढून वजाबाक्या करत बसायचो आम्ही!

चौथं वर्ष: ऑनर्स विथ रिसर्चला पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात, आणि चार वर्षं केलीस तर पुढचं मास्टर्स एक वर्षाचं होऊ शकतं, तीनवर बाहेर पडलीस तर दोन वर्षांचं. पण रिसर्च करायचा तर गाईड कोण आहे ते बघ. डेटावर स्वतः काम केलेले कोणी नसतील तर तीन वर्षांत बाहेर पडून चांगल्या ठिकाणी दोन वर्षांचं मास्टर्स करणं मला बरं वाटतं.

हिशोबनीस
काका चालेल. पण एक वर्ष वाढलं की घरचा खर्च वाढतो, पुण्यातली खोली, मेस, हे ताईंच्या हिशोबात नाही. पप्पांशी त्यावर आधी बोल. आणि मास्टर्सची तयारी करतानाच क्वांट पक्कं होतं, त्यामुळे बँकेची परीक्षा सोबत देता येते, तोही दरवाजा उघडा राहतो.

बीडचा_मास्तर
तुमच्या सरांना जाऊन भेट एकदा. ते वाईट सांगत नसतील, मागच्या बॅचची पोरं त्या पेपरात अडकलेली त्यांनी बघितली असतील. "उन्हाळ्यात गणित करते, मला बसू द्या" असं म्हणालीस तर बहुतेक खूशच होतील. आम्ही मास्तर लोक असेच असतो.

निफाडकरीण
अपडेट. सरांना भेटले. आधी "बघू" म्हणाले, मग कपाटातून स्वतःचं स्टॅटिस्टिक्सचं जुनं पुस्तक काढून दिलं. फॉर्म भरला, इकॉनोमेट्रिक्स आणि ॲग्री. पब्लिक फायनान्सचे तास मास्तरांसाठी मागे बसून ऐकणार आहे. चौथ्या वर्षाचं अजून ठरलं नाही, पप्पा म्हणाले द्राक्षाचे पैसे आल्यावर बोलू.

ताई, ॲगमार्कनेटवर (शेतमालाच्या बाजारभावांची सरकारी वेबसाइट) लासलगावची रोजची आवक आणि भाव मिळतायत, मी 2022 पासूनचे उतरवायला घेतलेत. एका फाईलमध्ये सगळं टाकलं तर चालेल ना?

वाकडी_रेघ
चालेल, पण लाल आणि उन्हाळ (रब्बीचा) कांदा वेगळे ठेव बाई! मार्च-एप्रिलात दोन्ही एकत्र येतात तिथे सगळा गोंधळ होतो, आणि रांगडा (मधल्या हंगामातला) कशात धरायचा ते पप्पांना विचार, मला नको. लिलाव बंद असलेले दिवस रिकामे सोड, शून्य लिहू नकोस.