स्वेटर चटचट वाजतोय, रॅम बसवू का?

संत्रानगरी_गेमर: नागपूरला सध्या हवा इतकी कोरडी आहे ना की स्वेटर काढला की चटचट आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की चटका. कॉम्प्युटरसाठी नवीन रॅम आणून ठेवलीये पण या स्टॅटिकने (अंगावर साठलेल्या चार्जने) ती जळेल म्हणून बसवायची हिंमत होत नाहीये. व्हिडिओत सांगतात प्लग लावून ठेवा, बटण बंद करा आणि कॅबिनेटला (कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला) हात लावत राहा. पण माझ्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, मग?

कोकणातला_पीसीवाला: काही होत नाही रे, 15 वर्षं नुसत्या हाताने असेंबल करतोय, एक पार्ट गेला नाही. बसव बिनधास्त.

जुना_हार्डवेअरवाला: दादा, तुमच्याकडे हवाच ओली, तिथे चार्ज साठतोच कुठे. नागपूरच्या थंडीत तसं नाही. आपल्याला चटका जाणवतो तोच साधारण 3000 व्होल्टच्या आसपास, चिपला काही शे व्होल्टसुद्धा पुरतात, म्हणजे आपल्याला कळतही नाही. आणि पार्ट लगेच मरेलच असं नाही, कधी अर्धमेला होऊन महिन्यांनी त्रास देतो, तेव्हा आपण शिव्या विंडोजला घालतो 😄

@संत्रानगरी, झिणझिण्या स्टॅटिकच्या नाहीत. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधून कॅबिनेटवर थोडा करंट येतो, त्याच्या आहेत. आधी वायरमनला बोलाव, तोपर्यंत प्लग काढूनच काम कर. स्वेटर नको, सुती कपडे घाल, कॅबिनेटच्या मागे रंग नसलेल्या पत्र्याला हात लाव, रॅमची पिशवीपण तिथेच टेकव आणि मगच उघड. कडेला धरायची, सोनेरी पट्ट्यांना बोट नाही.

वायर_आणि_बियर: अंगावरचा चार्ज अर्थला सोडणारा मनगटाचा पट्टा घेतलास तर त्याच्या वायरीत 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो तो बघ. साधी वायर मनगटाला बांधून अर्थला जोडायचा जुगाड करू नकोस, चुकून 230 व्होल्टला हात लागला तर त्या रेझिस्टरमुळेच करंट पाव मिलिअँपिअरच्या आत राहतो. आणि मदरबोर्ड चंदेरी पिशवीवर ठेवून चालू नको करू, त्यात धातूचा थर असतो. खोका आहे ना, त्यावर ठेव.

संत्रानगरी_गेमर: अपडेट. वायरमनने भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला तर हिरवी वायर मागे गुंडाळून ठेवलेली, कुठे जोडलीच नव्हती!! जोडल्यावर झिणझिण्या बंद. रॅम बसली, 16 जीबी दाखवतेय. थंडीत कुडकुडत बाबांची सुती बंडी घालून काम केलं, आई अजून हसतेय.